फोल्डस्कोप: झुडपांवरची बुरशी ओळखायला कितपत पुरतो?

फोल्डस्कोप घ्यावा का, असं विचारणाऱ्याला आधी उलट विचारावं लागतं: बघायचंय काय? तांबेरा (पानांवरचं तांबूस-नारिंगी पुरळ), भुरी (पांढऱ्या पावडरीचा थर) आणि पानांवरची काळी बुरशी बघायची असेल तर बिनदिक्कत घ्या. पानांवरच्या तपकिरी ठिपक्यांच्या मुळाशी जायचं असेल तर थोडे पैसे आणखी साठवा आणि 400 पट दाखवणारा साधा विद्यार्थी मायक्रोस्कोप घ्या. पाचपैकी गुण द्यायचे तर पहिल्या कामासाठी चार, दुसऱ्यासाठी दीड.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा घडी घालून जोडायचा कागदी मायक्रोस्कोप स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवला. त्यावरचा शोधनिबंध 2014 मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने शाळा-कॉलेजांसाठी त्याचा उपक्रम राबवला होता. त्यामुळे विकत घेण्याआधी जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात चौकशी करा, कपाटात एखादा पडून असण्याची बरीच शक्यता आहे. कागद पाण्याने भिजत नाही, वजन नगण्य, शर्टाच्या खिशात मावतो. सगळी करामत एका काचेच्या गोळीत आहे. तिचा व्यास 2.38 मिलिमीटर, आणि तिच्यातून वस्तू 140 पट मोठी दिसते. दोन बिंदूंमध्ये किमान 2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असेल तरच ते वेगळे दिसतात.

या 2 मायक्रॉनमध्येच सगळी मेख आहे. तांबेऱ्याचा बीजाणू (बुरशी ज्यातून पसरते तो सूक्ष्म कण) साधारण 20 ते 35 मायक्रॉन, भुरीचा 25 ते 40, काळ्या बुरशीतल्या मेलिओलाचा 40 ते 50. हे सगळे 140 पटीत ठसठशीत दिसतात, आकार कळतो, आत किती कप्पे आहेत ते मोजता येतं. पण ठिपके पाडणाऱ्या सर्कोस्पोरा गटाचा बीजाणू लांबीला 30 ते 100 मायक्रॉन असला तरी रुंदीला जेमतेम 3-4 मायक्रॉन असतो आणि त्याची ओळख पटते ती बुडाशी असलेल्या एक-दोन मायक्रॉनच्या वणावरून. तो वण फोल्डस्कोपला दिसणार नाही. कितीही प्रकाश वाढवा, मोबाईलवर कितीही झूम करा, दिसणार नाही. झूम केल्याने धूसर चित्र मोठं होतं, इतकंच.

लेन्सला डोळा लावण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. तांबेरा, भुरी आणि मेलिओला या जिवंत झाडावरच जगणाऱ्या बुरशा, आणि बहुतेक जणी एखाद्या प्रजातीच्या (इथे प्रजाती म्हणजे जीनस, जात म्हणजे स्पीशीज) किंवा कुळाच्या पलीकडे जात नाहीत. त्यामुळे झुडूप नक्की कोणतं ते कळलं की शेकडो नावांमधून तीन-चारच उरतात. त्या तीन-चारांतून एक निवडायला फोल्डस्कोप बहुधा पुरतो. झुडूपच चुकलं तर पुढचं सगळं पाण्यात. बोर आणि तोरण एकाच प्रजातीतले, पण तोरणावरची बुरशी बोरावरची म्हणून नोंदवली की ती नोंद कायमची चुकते. अडचण अशी की बुरशी पावसाळ्यानंतर जोरात असते आणि त्या वेळी झुडपाला फूल-फळ असेलच असं नाही. करवंद फुलतं उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्याच्या पानांवरची काळी बुरशी ऑक्टोबरात गोळा करायची. अशा झुडपाला नंबराची पट्टी बांधा, मोबाईलवर जागेची खूण ठेवा आणि फुलाच्या हंगामात परत जाऊन ओळख पक्की करा.

सोबत 10 पटीचं चांगलं भिंग हवंच. फोल्डस्कोपच्या किमतीत भिंग येत नाही असं समजूनच खर्च धरा. पानाच्या खालच्या बाजूला पुरळ आहे की पावडर, पुरळ साल फाडून वर आलंय की नुसतं वर बसलंय, हे भिंगातूनच कळतं. फोल्डस्कोपखाली अख्खं पान ठेवून काही हाती लागत नाही: प्रकाश आरपार जावा लागतो, आणि लेन्स वस्तूपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर दूर असते. नमुना पातळ, सपाट आणि पारदर्शक करूनच द्यावा लागतो.

तांबेऱ्यासाठी सगळ्यात सोपी पद्धत चिकटपट्टीची. दीड-दोन सेंटिमीटरची, पूर्ण पारदर्शक पट्टी घ्या; दुधाळ रंगाची चालत नाही. चिकट बाजू पुरळावर नुसती टेकवा, घासू नका. स्लाइडवर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून एक छोटा थेंब टाका आणि पट्टी त्यावर चिकट बाजू खाली करून एका टोकाकडून हळूच झोपवा. पट्टीची बाजू लेन्सकडे ठेवायची. पहिल्या ठशात बीजाणू इतके येतात की नुसता काळा गठ्ठा दिसतो, म्हणून त्याच पुरळावरचा दुसरा किंवा तिसरा ठसा वापरा. नुसत्या पाण्यात बसवलं तर कोरडे बीजाणू हवा धरून ठेवतात आणि हवेच्या बुडबुड्याची जाड काळी कड ही जाड भिंत वाटते. नवशिक्यांच्या रेखाटनांत दिसणारे ‘काळ्या जाड भिंतीचे गोल बीजाणू’ निम्म्या वेळा बुडबुडेच असतात. बुडबुड्याची कड पूर्ण गोल आणि सगळीकडे सारख्या जाडीची असते, मध्ये लखलखीत ठिपका असतो. फोकस किंचित हलवला की तो मोठा-लहान होतो.

पण चिकटपट्टीवर येतात ते मुख्यतः नारिंगी किंवा तांबूस उन्हाळी बीजाणू, म्हणजे युरेडिनियल अवस्था. वर्गीकरण ज्यावर उभं आहे ते टेलियल बीजाणू गडद तपकिरी ते काळ्या पुरळात असतात आणि पुष्कळदा सालीखाली दबलेले असतात. ते सुईने खरवडून काढावे लागतात. स्लाइडवर लॅक्टिक ॲसिडचा थेंब, त्यात खरवड, वर कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच), आणि स्लाइड मेणबत्तीच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायची. कडेला पहिले बुडबुडे दिसले की थांबायचं. उकळू दिलं तर बीजाणू फुटतात. गरम केल्याने आक्रसलेले बीजाणू पुन्हा फुगून मूळ आकाराला येतात आणि हवा निघून जाते. स्लाइड पूर्ण गार होईपर्यंत फोल्डस्कोपमध्ये सरकवू नका, आणि कव्हरस्लिपबाहेर सांडलेलं ॲसिड टिपकागदाने टिपून घ्या. लेन्सला लागलं तर काढता काढता जीव जातो.

इथून पुढे फोल्डस्कोप पैसे वसूल करून देतो. देठ असलेला एकपेशीय टेलियल बीजाणू दिसला तर युरोमायसीस, मध्ये आडवा पडदा असलेला दोनपेशीय दिसला तर पुक्सिनिया, एका ओळीत पाच ते नऊ पेशी आणि देठाचं बूड फुगलेलं असेल तर गुलाबावरचा फ्रॅग्मिडियम. कुसरीच्या वेलीसारख्या झुडपावर, म्हणजे जास्मिनम मलबारिकमवर, फांद्या आणि पानं सुजून वाकडीतिकडी झालेली आणि त्यावर नारिंगी-पिवळ्या वाट्या दिसल्या तर तो युरोमायसीस होब्सोनाय. वाट्या भिंगातून, आणि पुढे येणारे एकपेशीय बीजाणू फोल्डस्कोपमधून दिसतात. सगळ्यात देखणा प्रकार राव्हेनेलिया. शेंगावर्गीय झुडपांवर आणि आवळ्यावर तो येतो (आवळा झुडूप नव्हे, पण कलमी बागेत हाताशी येतो). यात अनेक टेलियल बीजाणू एकत्र जुळून एक तपकिरी घुमट बनतो, खाली पाण्यात फुगणाऱ्या पिशव्यांची झालर. घुमटाचा व्यास सहसा 60 मायक्रॉनच्या वर, त्यामुळे 140 पटीत तो पडदा व्यापतो. वरून किती पेशी दिसतात ते मोजता येतं, आणि राव्हेनेलियाच्या जाती वेगळ्या करताना ती मोजणी कामाची असते.

आपल्या हवेत मात्र बऱ्याच तांबेऱ्यांची टेलियल अवस्था शोधून सापडत नाही. पुरंदर भागातल्या अंजिराच्या बागांना दर वर्षी छळणारा सेरोटेलियम फिसाय घ्या, किंवा चाफ्याच्या पानाखाली पिवळ्या-नारिंगी पावडरीचा थर देणारा कोलिओस्पोरियम प्लुमेरी घ्या. हाती लागतात ते उन्हाळी बीजाणूच. अशा वेळी नाव ठरतं ते यजमान झाड (ज्यावर बुरशी वाढते ते), पुरळाची ठेवण आणि बीजाणूचा ढोबळ आकार यांवरून, आणि नोंदीत तसं स्पष्ट लिहायचं: ‘फक्त युरेडिनियल अवस्था’. कॉफीचा तांबेरा, हेमिलिया व्हास्टाट्रिक्स, हा याला सुखद अपवाद. चिखलदऱ्यात किंवा कोडगूत कॉफीच्या पानाखाली नारिंगी पावडर दिसली तर ठसा घ्या. बीजाणू एका बाजूने फुगीर आणि काटेरी, दुसऱ्या बाजूने सपाट आणि गुळगुळीत, असा संत्र्याच्या फोडीच्या आकाराचा असतो. आकार लांबीला 30 मायक्रॉनच्या आसपास असल्याने तो फोल्डस्कोपमध्ये लगेच कळतो आणि इतर कुठल्याही नेहमीच्या तांबेऱ्याशी गल्लत होत नाही. याच बुरशीने 1869 पासून सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांचं कंबरडं मोडलं.

बीजाणूवरचे बारीक काटे मोजणं, अंकुरछिद्रं (बीजाणू रुजताना अंकुर जिथून बाहेर येतो ती छिद्रं) किती आणि कुठे आहेत ते बघणं, हे मात्र फोल्डस्कोपच्या आवाक्याबाहेर. तांबेऱ्याची प्रजाती मिळते. जात ठरवायची तर बहुतेक वेळा 400 किंवा 1000 पट लागते.

भुरीला रंग द्यावाच लागतो, कारण तिचे बीजाणू बिनरंगी असतात आणि फोल्डस्कोपच्या उघड्या प्रकाशात विरून जातात. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू उत्तम, पण त्यात फिनॉल असतं. हातमोजे घाला, मुलांच्या हातात देऊ नका. घरगुती पर्याय म्हणजे पांढऱ्या व्हिनेगरच्या 19 थेंबांत फाउंटन पेनच्या निळ्या शाईचा एक थेंब. रंग तेवढा पक्का बसत नाही, पण कड उठून दिसते. भुरीत पहिला प्रश्न बीजाणू एकेक सुटे धरतात की साखळीत. गुलाबाच्या भुरीत, पोडोस्फेरा पॅनोसामध्ये, साखळी असते. इरिसायफे या भुरीच्या दुसऱ्या प्रजातीत बहुधा एकेक. दाबून घेतलेल्या ठशात साखळ्या तुटतात आणि सगळेच सुटे दिसतात, मग साखळीवाली भुरी इरिसायफे म्हणून नोंदवली जाते. त्यासाठी अगदी कोवळा, नुकता पांढरा पडलेला डाग निवडा आणि सकाळी लवकर हलकासा ठसा घ्या. पोडोस्फेराच्या बीजाणूत तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फायब्रोसिनच्या कांड्या दिसतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण फोल्डस्कोपमध्ये त्या खात्रीने दिसत नाहीत. दिसल्यासारख्या वाटल्या तरी नोंदवू नका.

तुतीची भुरी हा फोल्डस्कोपचा हक्काचा विषय. जालना-बीडकडे रेशीमशेतीसाठी तुतीची झुडपं भरपूर आहेत. हिवाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या थरात पिवळे, मग तपकिरी, मग काळे होत जाणारे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. ते फिलॅक्टिनिया या भुरीचे फळगोळे, म्हणजे आत बीजाणू तयार करणारे गोळे. सुईच्या टोकाने एक-दोन उचलून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप दाबू नका. गोळ्याच्या कमरेभोवती सरळ, टोकदार काटे दिसतात आणि प्रत्येक काट्याचं बूड कंदासारखं फुगलेलं असतं. ही खूण बघितली की प्रजाती ठरली, दुसरं काही तपासायला नको. एक अडचण मात्र येते: गोळा जवळपास 200 मायक्रॉन जाडीचा, त्यामुळे काट्यांचं टोक आणि बूड एकाच फोकसमध्ये येत नाही. अंगठ्याने फोकस थोडा थोडा सरकवत तीन-चार फोटो घ्या.

सावध राहायची जागा इथेच आहे. भुरीच्या पांढऱ्या थरात बारीक तपकिरी ठिपके दिसले म्हणजे फळगोळे असतीलच असं नाही. अँपेलोमायसीस ही भुरीवर जगणारी परजीवी बुरशी भुरीच्याच तंतूंच्या आत नाशपतीच्या आकाराच्या पिशव्या तयार करते. त्यांना काटे नसतात आणि दाबल्यावर आतून असंख्य अतिसूक्ष्म बीजाणूंचा लोट बाहेर येतो. तांबेऱ्यात हेच काम स्फेरेलॉप्सिस फिलम करते: नारिंगी पुरळात चकचकीत काळे टिंब दिसतात आणि टेलियल अवस्था सापडली म्हणून आनंद होतो. सुईने फोडून बघा. देठवाले जाड बीजाणू निघाले तर टेलियल, बारीक बिनरंगी बीजाणूंचा लगदा निघाला तर परजीवी.

काळ्या बुरशीसाठी हे उपकरण आम्हाला सर्वाधिक आवडलं, आणि सह्याद्रीत तर तिला तोटा नाही. अंजनी, करवंद, जांभळाची झुडपं, मोगऱ्याच्या कुळातल्या रानवेली, कुठल्याही देवराईत पानांवर काळे मखमली डाग असतात. आधी ओल्या कापसाने पुसून बघा. पुसलं गेलं किंवा पापुद्रा सुटला तर ती मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काजळी. तिचा झाडाच्या पेशींशी संबंध नाही आणि बहुधा वरच्या फांदीवर कीड सापडते. पुसलं गेलं नाही तर मेलिओला किंवा अस्टेरिना गट.

इथे चिकटपट्टी उपयोगाची नाही, तंतू पानाला घट्ट धरून असतात. बिनरंगी नेलपॉलिशचा एक पातळ हात डागावर द्या. 15 ते 20 मिनिटं वाळू द्या, पावसाळी हवेत दुप्पट वेळ लागतो. मग चिमट्याने कडेपासून पापुद्रा उचला. तंतू, फळगोळे, केस सगळं जसंच्या तसं त्यात येतं. स्लाइडवर सपाट ठेवून वर कव्हरस्लिप. जाड थर दिला तर पापुद्रा सुरकुततो आणि फोकसच्या बाहेर जातो. चकाकी असलेलं नेलपॉलिश अजिबात नको, त्यातले कण बीजाणूंसारखे दिसतात. लोकरी, केसाळ पानांवर ही युक्ती फसते. पापुद्रा केसांसकट फाटतो. अंजनी-जांभळासारखी गुळगुळीत पानं यासाठी उत्तम.

पापुद्र्यात जाड तपकिरी तंतू दिसतात आणि त्यांच्या कडेला ठराविक अंतराने दोन पेशींचे गुंडे. गुंडे समोरासमोर आहेत की आलटून-पालटून, हे लिहून ठेवा, जात ठरवताना लागतं. बीजाणू पाच पेशींचा, चार आडवे पडदे, गडद तपकिरी. इथवर जुळलं की गट नक्की, आता प्रजाती: तंतूंवर ताठ काळे केस असतील तर मेलिओला, केस कुठेच नसतील तर अस्टेरिडिएला, केस फळगोळ्यावरच असतील तर इरेनोप्सिस, फळगोळ्यावर अळीसारखी जाड उपांगं असतील तर अपेंडिक्युलेला. हे चारही फरक 140 पटीत दिसतात. एका झुडपावरच्या एका डागावरून निर्णय घेऊ नका, कोवळ्या डागात केस उगवलेलेच नसतात आणि मेलिओला अस्टेरिडिएला भासते. बीजाणूंची मापं घेतली की बीली सूत्र मांडता येतं: चार अंक, टिंब, चार अंक, ज्यात पडदे, केस, गुंड्यांची मांडणी आणि मापं सांकेतिक अंकांत बसवलेली असतात. केरळच्या पालोडे इथल्या वनस्पती उद्यान संस्थेत व्ही. बी. होसगौडर यांनी पश्चिम घाटातल्या या गटावर केलेलं काम यजमानवार लावलेलं असल्याने झुडपाचं नाव पक्कं असेल तर तुलना झपाट्याने होते. अस्टेरिनाचा फळगोळा मात्र गोळा नसतोच. ती चपटी ढाल असते, मधून चांदणीसारखी तडकलेली, आणि बीजाणू दोनच पेशींचा.

बुरशी नसलेल्या गोष्टी बाद करण्यातही फोल्डस्कोप चोख आहे, आणि बागायतदारांना त्याचा हा उपयोग सगळ्यात जास्त होईल. मोगरा-जुईच्या पानांवर पांढरी लव दिसली की भुरी म्हणून गंधक मारलं जातं. लवेचा चिमूटभर तुकडा थेंबात ठेवून बघा: बीजाणू एकही नाही, नुसते झाडाचेच वाढलेले केस, आणि नशीब असेल तर मधून चालणारी चार पायांची लांबोडकी कोळी कीड. गंधक कोळ्यांवरही चालतं म्हणून गुण येतो आणि चुकीचं निदान पक्कं होऊन बसतं. पेरू, चिकू, चहाच्या पानांवरचे नारिंगी मखमली गोल डाग म्हणजे ‘लाल तांबेरा’, पण ते शेवाळ आहे, सेफॅल्युरॉस. खरवड घेतली की पेऱ्यापेऱ्यांचे नारिंगी धागे आणि काहींच्या टोकाला गोलकांचा घोस दिसतो. तांबेऱ्याचे सुटे बीजाणू कुठेच नाहीत.

डाळिंबाचा तेल्या रोग हा तिसरा. तो जिवाणूजन्य आहे, आणि बहुतेक बुरशीनाशकांवरचा खर्च त्यात वाया जातो. ताज्या डागाच्या कडेचा, निम्मा डाग-निम्मी निरोगी ऊती असा दोन मिलिमीटरचा तुकडा नव्या ब्लेडने कापा. पाण्याच्या थेंबात ठेवून लगेच कव्हरस्लिप टाका आणि कापलेली कड बघत राहा. तेल्या असेल तर एक-दोन मिनिटांत कडेतून धुरासारखा ढग वाहू लागतो. सुटा जिवाणू एका मायक्रॉनच्या आसपास असल्याने दिसणार नाही, ढग दिसतो. निरोगी पानाचा तुकडा शेजारच्या स्लाइडवर ठेवाच, कारण हरितकणही सुरुवातीला थोडे बाहेर येतात. त्यांचा प्रवाह लगेच थांबतो, जिवाणूंचा चालू राहतो. ढग दिसला नाही म्हणजे तेल्या नाही असं नव्हे, जुन्या वाळलेल्या डागातून तो निघत नाही. शंका उरली तर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे नमुना पाठवा.

आता दीड गुणाच्या बाजूकडे. डाळिंबावरचा सर्कोस्पोरा ठिपका, निर्गुडी-जास्वंदीच्या पानांवरचे कोनाकृती डाग, बोराच्या पानाखालची काळपट वाढ, यांत फोल्डस्कोपमधून दिसतं ते एवढंच की लांबट, बारीक बीजाणू आहेत. सर्कोस्पोरा की स्यूडोसर्कोस्पोरा, हे ठरतं बीजाणूच्या बुडाचा वण जाड-काळा आहे की नाही यावर, आणि ते कळायला 40 च्या ऑब्जेक्टिव्हचा (वस्तूकडच्या लेन्सचा), सुमारे अर्धा मायक्रॉन वेगळं दाखवणारा मायक्रोस्कोप किमान लागतो. गुलाबाचा काळा ठिपका, डिप्लोकार्पॉन रोझी, हा याला अपवाद: डागाची कड पिसासारखी फाटलेली असते आणि बीजाणू दोनपेशीय, 18 ते 25 मायक्रॉन लांब, शाई लावली तर मधली चीर जेमतेम दिसते. कोलेटोट्रिकमच्या पुरळातले काळे केस दिसतात, बीजाणूही दिसतात, पण त्या प्रजातीत जात ठरवणं डीएनएशिवाय आता कुणीच करत नाही, तेव्हा फोल्डस्कोपला दोष देण्यात अर्थ नाही.

मोबाईल जोडण्याबद्दल. चुंबकी कडी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटवायची असते. तीन-चार कॅमेरे असलेल्या मोबाईलमध्ये जवळचं काही दिसलं की सॉफ्टवेअर आपसूक दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतं आणि पडदा काळा होतो. मॅक्रो आणि आपोआप कॅमेरा बदलणं बंद करा, मुख्य कॅमेरा 1 पटीवर ठेवा, फोकस आणि प्रकाश लॉक करा. डोळा लावून बघताना उजळ आकाशाकडे धरा, पण सूर्याकडे चुकूनही नको. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. एलईडी फार प्रखर वाटला तर मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावा, बिनरंगी बीजाणूंच्या कडा लगेच स्पष्ट होतात.

मापं घेण्याची सोय उपकरणात नाही, ती करून घ्यावी लागते. एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली मोजपट्टीची स्लाइड कॉलेजमधून मागून आणा, तिचा फोटो त्याच मोबाईलने, त्याच सेटिंगवर काढा आणि 10 मायक्रॉन म्हणजे किती पिक्सेल ते ठरवून ठेवा. मोबाईल बदलला की हे परत करायचं. गोळीच्या लेन्समध्ये कडेचं चित्र ताणलं जातं, म्हणून मधल्या एक तृतीयांश भागातलेच बीजाणू मोजा, किमान 30. सरासरीऐवजी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं माप लिहा, कारण वर्णनांमध्येही तीच मर्यादा दिलेली असते. दोन मायक्रॉनची चूक गृहीत धरा: 25 मायक्रॉनच्या तांबेऱ्यात ती 8 टक्के आहे आणि चालून जाते, 3 मायक्रॉनच्या रुंदीत ती हास्यास्पद होते.

नाव ठरलं की इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या बुरशींच्या नावांच्या संकेतस्थळांवर ते आजही चालू आहे का बघा. दोन्ही फुकट आहेत. 2011 च्या मेलबर्न नामकरण संहितेनंतर एका बुरशीला दोन अवस्थांची दोन वेगळी नावं ठेवता येत नाहीत, त्यामुळे जुन्या मराठी-इंग्रजी कृषिपुस्तकांतली ओइडियम नावाची निम्मी भुरी आता इरिसायफे किंवा पोडोस्फेरामध्ये गेली आहे. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर नुसता पानाचा फोटो टाकून मिळालेलं नाव सूचना म्हणून घ्या. तिथे यजमान झुडपाचं नाव आणि फोल्डस्कोपमधला बीजाणूचा फोटो जोडलात तर जाणकार माणसं उत्तर देतात. नुसत्या डागाच्या फोटोकडे सहसा कुणी फिरकत नाही.

जातीपर्यंत जायचं असेल आणि मोठा मायक्रोस्कोप नसेल तर नमुना पाठवण्याजोगा करा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर यांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे आणि राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही तिथेच. तांबेरा, भुरी, मेलिओला प्रयोगशाळेतल्या साध्या खाद्यमाध्यमावर वाढत नाहीत, म्हणून त्या वाढवून मागू नका. वाळवलेलं पान द्यायचं असतं. आधी संपर्क करून त्यांची पद्धत विचारा. पानं वर्तमानपत्रात दाबून, कागद रोज बदलत, पाच-सहा दिवसांत कडक वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत एक रात्र जरी ओली राहिली तरी त्यावर दुसरीच बुरशी चढते आणि मूळ नमुना वाया जातो. वाळलेली पानं जाड कागदाच्या घडीच्या पाकिटात घाला आणि वर झुडपाचं शास्त्रीय नाव, गाव-तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहा. झुडपाची फुला-फळासकट एक फांदी त्याच क्रमांकाने वेगळी दाबून सोबत द्या.